दुधाचे खाडे आणि पायथनची लिस्ट

गेले तीन आठवडे रात्री जेवणं आटोपली की पायथन (प्रोग्रॅम लिहायची भाषा) घेऊन बसतेय, आणि खरं सांगू का, व्हिडिओ बघताना जे सगळं कळलंय असं वाटत होतं त्यातलं निम्मं स्वतः टाइप करायला घेतल्यावर गुल. व्हिडिओत सगळे आंबा-केळी-सफरचंदाचीच लिस्ट (एका नावाखाली ओळीने ठेवलेली यादी) करतात, मला जाम कंटाळा आला, म्हणून आई कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिते तोच घेतला. सोमवारपासून एका आठवड्याचे लिटर: १, १, ०, ०, २, १, १. (पायथन ३ मध्ये लिस्टचं नाव सरळ देवनागरीत 'दूध' ठेवलं तरी चालतं, मी तेच ठेवलंय. आकडे मात्र कोडमध्ये इंग्रजीच लागतात, मराठी १ टाकला की सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याचा नियम चुकला. गंमत म्हणजे तोच मराठी १ इनपुटमधून घेऊन इंटला (टाइप केलेल्या अक्षरांचा आकडा करून देतं ते) दिला तर गपचूप चालवून घेतो!)

एकूण लिटरची बेरीज जमली. म्हणजे आधी उत्तर १ आलं, कारण 'बेरीज = ०' ही ओळ मी लूपच्या (लिस्टमधल्या एकेका आकड्यासाठी तेच काम पुन्हा पुन्हा होतं तो भाग) आत लिहिली होती, दर फेरीला पाटी कोरी, शेवटी रविवारचा १ तेवढा उरला. ओळ वर नेली, ६ आले.

मग म्हटलं दूधवाला किती दिवस आला ते काढू. फॉर लूप लावला, शून्य दिसलं की रिमूव्ह म्हणजे लिस्टमधून काढून टाकायचं, शेवटी लेनने किती उरले ते मोजायचं. उत्तर ६. आईने कॅलेंडरकडे बघूनच सांगितलं, "अगं पाचच दिवस, बुधवार-गुरुवार दोन्ही खाडे आहेत." एररसुद्धा नाही हो! एरर आली असती तर निदान शोधली तरी असती.

अर्धा तास डोकं खाल्लं, मग कागदावर लिस्ट लिहून बोट ठेवत गेले तेव्हा दिसलं. रांगेतून एक माणूस निघून गेला की मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकतात ना, तसंच. दोन नंबरच्या जागेवरचं (मोजणी शून्यापासून हं) बुधवारचं शून्य उडालं, गुरुवारचं सरकून त्याच जागी आलं, पण लूप तोवर तीन नंबरवर गेलेला, त्यामुळे गुरुवारला कोणी विचारलंच नाही. खाडे लागोपाठ नसते तर उत्तर बरोबर आलं असतं आणि मला पत्ताही लागला नसता, हे जास्त डेंजर वाटलं मला.

आता ज्या लिस्टवर लूप चालू आहे तिला हात लावत नाही, 'आलेले_दिवस' अशी रिकामी लिस्ट घेते आणि शून्य नसेल ते त्यात अपेंड करते, म्हणजे शेवटी जोडते. नुसतं मोजायचंच असेल तर 'दूध'वर काउंट लावून शून्यं किती ते काढायचं आणि लेनमधून वजा करायचं, लूपच नको, पण मला सरावच लूपचा करायचा होता.

उद्या सतराचा पाढा. काल रेंजमध्ये (लूपला कुठून कुठपर्यंत मोजायचं ते सांगतो तिथे) १ ते १० लिहिलं आणि पाढा १५३ वरच थांबला, शेवटचा आकडा त्यात धरत नाहीत, म्हणून तिथे ११ लिहायचं असतं.