काकूंचे पोहे आणि सी-२ए

मुलुंड पूर्वेची चार मजली सोसायटी, १९७८ची. तीस वर्षं उलटलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पालिकेला लागतं, म्हणून काम माझ्याकडे आलं. अहवालात सगळ्यांचा जीव अडकतो तो वर्गवारीत. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं राहत असतानाच दुरुस्ती. सी-३ किरकोळ.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गेल्या गेल्या पोहे पुढे केले. "घर सोडायला लावणार नाहीस ना रे बाळा?" मी "बघू काकू" म्हटलं, पण मनात सी-२बी लिहून मोकळा झालो होतो. तळमजल्यावर एका कॉलमचं हॅमर रीडिंग (हातोड्यासारखं यंत्र आपटून काँक्रीटचा कडकपणा मोजतात ते) बरं येईपर्यंत मी जागा बदलत राहिलो, हे घरी वही उघडल्यावर कळलं. लाज वाटली.

रात्री पारडं उलटं फिरलं. २०१९ साली सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, ऑडिट करणाऱ्याला अटक झाली. आमच्या धंद्यात ते कोणी विसरलेलं नाही. सी-१ ठोकावं आणि सुटावं! दया निदान ओळखू तरी येते. भीती मात्र 'खबरदारी' म्हणून अहवालात शिरते.

एक गोष्ट मात्र दिवसभर खटकत होती. जिन्याजवळच्या एकाच कॉलमचं प्लास्टर नवं कसं? सकाळी सेक्रेटरींची कुरकुर ऐकत ते फोडून घेतलं. आत सळई गंजून पापुद्रे सुटलेले. फिनॉल्फथॅलीन हे रसायन मारलं तर सळईला गंजापासून वाचवणारं चांगलं काँक्रीट गुलाबी होतं. हे सळईच्या मागेपर्यंत कोरडं ठक्क, रंगच नाही. काँक्रीटमधून जाणाऱ्या अल्ट्रासोनिक लहरींचा वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली, म्हणजे काँक्रीट भरवशाचं नाही. त्याच दुपारी टेकू लावायला सांगितले.

मग खडूने जागा आधी आखून सगळे कॉलम पुन्हा तपासले. बरेचसे ठीक निघाले. आकडे माझ्या जुन्या साहेबांना पाठवले. इमारत कुठली, माझा कल काय, काही कळवलं नाही. माझ्यासारखंच त्यांचंही उत्तर आलं: सी-२ए.

सभेत रिडेव्हलपमेंटवाले चिडले, त्यांना सी-१ हवं होतं. बाकीचे घर सोडावं लागणार म्हणून चिडले. काकू गप्प होत्या. निघताना जिन्यात थांबवून एवढंच विचारलं, देवघर ज्या कॉलमला टेकलंय, तो फोडणार का. मी पायरीवरच नकाशा उघडला.