सेव्हन मॅगचं बॅरल संपलं की नाही: झीज मोजण्यापासून नवा लोड बसवेपर्यंत

कोलोरॅडोत एल्कसाठी वापरतो ती माझी रायफल म्हणजे रेमिंग्टन ७००, कॅलिबर ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम. ही रायफल आणि हे काडतूस १९६२ मध्ये जोडीनेच बाजारात आले. ०.२८४ इंचाच्या भोकातून दर गोळीला साठ-सत्तर ग्रेन (पावडर तोलायचं वजन) पावडर जाळायची, तर घसा, म्हणजे काडतूस बसतं त्या चेंबरच्या लगेच पुढचा बॅरलचा भाग, जळणारच. .३०८ चं बॅरल पाच हजार गोळ्या सहज काढतं. सेव्हन मॅगचं अचूकतेचं आयुष्य हजार ते दीड हजारांच्या आसपास धरायचं. माझ्या वहीत आकडा अकराशेच्या पुढे गेला आणि ६०० यार्डांवर गोळ्या ठरलेल्या जागेपेक्षा चार इंच खाली पडू लागल्या.

इथे अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला संघीय परवाना लागत नाही. भारतातल्या वाचकांनी मात्र यातलं काही करून पाहू नये. तिथे शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याची आडकाठी, आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

बॅरलला दोष देण्याआधी फुकटात तपासता येतील अशा गोष्टी तपासल्या. स्टॉकचे ॲक्शन स्क्रू ६५ इंच-पाउंडवर, स्कोप रिंगचे १५ ते १८ वर. दुर्बीण सैल नाही याची खात्री दुसरी, नीट चालणारी दुर्बीण बसवून केली. बुलेटचं बॅरलमध्ये चिकटलेलं तांबं पूर्ण काढलं. उरलं ते कार्बनचं कडं, आणि खरा घोळ इथेच होतो. केसचं (काडतुसाच्या पितळी कवचाचं) तोंड जिथे संपतं त्याच्या लगेच पुढे कडक कार्बनचं कडं साचतं. साध्या सॉल्व्हंटने ते हलत नाही. सॉल्व्हंट मुरवून ब्राँझचा ब्रश, आणि तरी राहिलंच तर घासपेस्ट लावलेला पॅच फक्त तेवढ्याच भागात फिरवायचा. कडं असेल तर दाब वाढतो, वेग मधूनच उसळतो, बोल्ट जड उठतो. झिजलेल्या घशाचं लक्षण नेमकं उलटं: वेग हळूहळू आणि सातत्याने उतरतो. म्हणजे क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) जवळ असेल, तर बोअरस्कोप (बॅरलच्या आत पाहायची दुर्बीण) आत घालण्याआधीच अर्धं निदान झालेलं असतं.

माझा तोच लोड (बुलेट, पावडर आणि प्राइमरची ठरलेली जुळणी), तीच पावडर, साधारण तेच तापमान. वेग सेकंदाला २,९०० फुटांवरून ६० फुटांनी उतरला होता. वेग २ टक्के कमी म्हणजे गोळीची घसरण ढोबळमानाने ४ टक्के जास्त. ६०० यार्डांवर एकूण घसरण नव्वद इंचांच्या आसपास, त्याचे ४ टक्के साडेतीन-चार इंच. हिशेब जुळला. ३०० यार्डांवर हाच फरक जेमतेम एक इंच येतो, म्हणून कित्येक शिकाऱ्यांना बॅरल उतरल्याचं कळतही नाही. क्रोनोग्राफ बॅरलला लटकणारा नको, त्याच्या वजनाने गोळी लागण्याची जागा सरकते. बाजूला ठेवायचा डॉप्लर रडार बरा.

मग घसा किती पुढे सरकला ते मोजलं. बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर काढायचे, म्हणजे हँडल स्वतःच्या वजनाने खाली पडतं. नमुना काडतुसात बुलेट लांब बसवायची आणि दोन-दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) आत ढकलत जायचं. हँडल अडकायचं थांबलं की तिथे बुलेट रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पीळदार खाचांना) टेकणं संपलं. माप व्हर्निअरला कंपॅरेटर (भोक असलेला मापाचा जोड) लावून बुलेटच्या ओजाइव्हवरून, म्हणजे निमुळत्या होत जाणाऱ्या वक्र भागावरून, घ्यायचं, टोकावरून नाही, कारण टोकं एकसारखी नसतात. आणि एक काटेकोर पथ्य: बॅरल नवं असताना जिच्याने माप घेतलं, तीच बुलेट पाकिटात नाव घालून जपून ठेवायची. लॉट बदलला की ओजाइव्ह पाच-दहा थाऊ इकडे-तिकडे होतो आणि झीज नसताना झीज दिसते. माझ्या मापात फरक ५५ थाऊंचा निघाला. बोअरस्कोपमध्ये पहिल्या तीनेक इंचांत सुसरीच्या कातडीसारख्या भेगा. हे काम बुलेटच्या घर्षणाचं नाही, उष्णतेचं आहे. पोलादाचा वरचा थर दर गोळीला क्षणभर भयंकर तापतो आणि लगेच निवतो, जळत्या वायूंमुळे ठिसूळ होतो, आणि मग तडकलेल्या कडा वायूबरोबर उडून जातात. नुसत्या भेगा बघून मात्र बॅरल फेकू नये. भेगा दिसायला लागल्यावरही पुष्कळ बॅरलं नीट मारतात.

पुढचा प्रश्न हेच बॅरल घेऊन लोड पुन्हा बसवता येतो का. पावडरचे आकडे मुद्दाम देत नाही. ते बुलेट आणि पावडर बनवणाऱ्यांच्या मॅन्युअलमधूनच घ्यावेत, सुरुवातीच्या चार्जपासून (पावडरच्या मापापासून) अर्ध्या ग्रेनने वर जावं, आणि दाबाची खूण दिसली की मॅन्युअलची कमाल मर्यादा यायची असली तरी तिथेच थांबावं. खुणा म्हणजे जड उठणारा बोल्ट, केसच्या बुडावर इजेक्टरचा चकचकीत ठसा, आणि प्राइमर सैल बसू लागणं. प्राइमर चपटा दिसणं ही एकटी खूण भरवशाची नाही. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा.

बेल्टेड केसचं, म्हणजे बुडाजवळ जाड पट्टा असलेल्या केसचं, एक दुखणं वेगळं. कारखान्याच्या हिशेबाने हेडस्पेस (बोल्टपासून काडतूस चेंबरमध्ये अडतं तिथपर्यंतचं अंतर) बेल्टवर धरलेला असतो, त्यामुळे खांद्यापुढे चेंबर कितीही सैल असू शकतं. वापरलेली केस दाबून पुन्हा मापात आणताना (साइझ करताना) डाय केस धरणाऱ्या शेलहोल्डरला टेकेपर्यंत खाली आणला तर खांदा दर वेळी मागे जातो, गोळी सुटताना पुढे ताणला जातो, आणि चार-पाच वेळातच बेल्टच्या जरा वर केस तुटायला येते. उपाय सोपा आहे: खांदा फक्त दोन थाऊ मागे बसवायचा आणि हेडस्पेस खांद्यावर धरायचा. केसच्या आतून कागद जोडायच्या तारेच्या पिनचं टोक वाकवून ती फिरवली की ताणाची खाच नखाला लागावी तशी जाणवते. अशी केस ठोकून चपटी करायची आणि भंगारात टाकायची.

आता चाचणी. चार्ज वाढवत तीन-तीन गोळ्यांची शिडी मारून ‘इथे वेग सपाट आहे, हाच नोड (चार्ज थोडा बदलला तरी वेग स्थिर राहतो ती जागा)’ म्हणायची रीत आहे. माझा तिच्यावर विश्वास नाही, आणि त्याला कारण साधं गणित आहे. पाच गोळ्यांवरून वेगाचं प्रमाण विचलन १० फूट आलं, तर ९५ टक्के खात्रीने खरा आकडा ६ ते २९ मध्ये कुठेही असू शकतो. दहा गोळ्यांवर ही कक्षा ७ ते १८ होते आणि वीस गोळ्यांवर साधारण साडेसात ते पंधरा. शिडीतला तो सपाट भाग दुसऱ्या दिवशी जागा बदलतो तो यामुळेच. म्हणून पुष्कळ चार्ज थोडे-थोडे मारण्यापेक्षा दोनच चार्ज घेतले आणि प्रत्येकी दहा गोळ्यांचा गट मारला. या काडतुसात ०.१ ग्रेनने वेग साधारण ४ फूट हलतो, त्यामुळे ०.१ वाचणारा काटा शिकारीला पुरतो. त्याहून महागडा काटा घेण्याआधी पैसे बुलेटवर घालावेत. केसच्या मानेची बुलेटवरची पकड दोन थाऊ, प्राइमर मॅग्नम.

रायफलिंग पुढे पळालं म्हणून बुलेट त्याच्यामागे पळवायची का? उडी (बुलेट आणि रायफलिंग यांमधलं अंतर) २०, ५० आणि ८० थाऊ ठेवून पाहिलं. दहा-दहाच्या गटांत फरक नजरेत भरण्याजोगा नव्हता. दर दोनशे गोळ्यांनी बुलेट बसवायची खोली बदलत बसण्यापेक्षा ५० वर बसवून विसरलेलं बरं.

शिकारीच्या रायफलला याहून महत्त्वाची चाचणी थंड बॅरलची. रोज पहिली एकच गोळी, त्याच कागदावर, निरनिराळ्या हवेत. कागदावर हळूहळू जमणारा हा गट म्हणजे रायफलची खरी लायकी, कारण एल्क दुसरी संधी देईलच असं नाही. माझ्याकडे हा गट १०० यार्डांवर पावणेदोन इंचांचा झाला. बॅरल नवं असताना तो इंचाच्या आत असायचा. ३०० यार्डांपर्यंत तेवढा चालतो. ६०० वर त्याचे साडेदहा इंच होतात. प्राण्याचा प्राणघातक भागच फूटभराचा, त्यात वारा आणि माझी चूक कुठे बसवायची? वाढीव पावडरने वेग परत आला असता, हा पसारा आवरला नसता. बॅरल बदललं.

नट असलेलं तयार बॅरल घेतलं की लेथ लागत नाही. कारखान्याचं जुनं बॅरल सोडवायला मात्र भक्कम व्हाइस आणि ॲक्शन रेंच हवाच. मधला रिकॉइल लग (धक्का स्टॉककडे नेणारी पट्टी) सरळ धरायचा, पिन आणि इजेक्टर काढलेला बोल्ट गो गेजवर (किमान हेडस्पेसच्या मापावर; नो-गो म्हणजे ओलांडू नये ते माप) बंद करून बॅरल गेजला टेकेपर्यंत फिरवायचं, नट आवळायचा, आणि मग गो वर बोल्ट बंद होतो, नो-गो वर होत नाही, हे पुन्हा पाहायचं. बेल्टचे हे गेज ०.२२० आणि ०.२२३ इंचांचे. ते खांद्याबद्दल काहीच सांगत नाहीत, म्हणून जुन्या चेंबरमध्ये वापरलेल्या केस तशाच वापरायच्या नाहीत. नवी केस घेऊन सुरुवात करायची.

नव्या बॅरलवर लगेच लोड पक्का करू नये. पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांत वेग आपोआप ३० ते ८० फूट वाढतो, आणि आज कमाल मर्यादेला टेकवलेला लोड महिन्याभराने बोल्ट अडकवतो. तोवर मॅन्युअलच्या मधल्या चार्जवर सराव करावा. तीन गोळ्या झाल्या की बोल्ट उघडा ठेवावा, चेंबरपुढच्या भागावर हात निवांत टेकवता आला की मगच चौथी.