तुम्ही विचारलंत म्हणून: तक्रार करणाऱ्याचं नाव खरंच गुप्त राहतं का?

दक्षता सप्ताहातल्या व्याख्यानानंतर हा प्रश्न हमखास येतो, बहुधा बिननावाच्या चिठ्ठीवर. केंद्र सरकारच्या कार्यालयांतल्या भ्रष्टाचाराच्या अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोग घेतो. माझ्या मते आयोगाच्या कचेरीतून नाव सहसा फुटत नाही. ते फुटतं तक्रारीच्या मजकुरातून, जोडलेल्या कागदांतून आणि पुढे चौकशी करणाऱ्याच्या हलगर्जीपणातून. म्हणून अशा तक्रारी हाताळणाऱ्या विभागाच्या प्रमुखाचा निम्मा वेळ भ्रष्टाचार शोधण्यापेक्षा कागद सांभाळण्यात जातो.

आधी ही व्यवस्था आली कुठून ते सांगतो. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोनाच्या, म्हणजे चार महानगरं जोडणाऱ्या महामार्गांच्या, कामातल्या गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं. नाव गुप्त ठेवा, अशी विनंती त्यात होती. पत्रावर विश्वास बसावा म्हणून स्वतःची माहिती त्यांनी वेगळ्या कागदावर जोडली होती. पत्र टेबलाटेबलावरून फिरलं आणि तो कागदही त्याच्यासोबत फिरला. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गयेत त्यांचा खून झाला. सीबीआयच्या तपासात तो लूटमारीचा प्रकार ठरला, तरी नाव फुटलं होतं हे खरंच. त्यानंतर 21 एप्रिल 2004 रोजी केंद्र सरकारने ठराव काढला. जनहितार्थ प्रकटन आणि माहिती देणाऱ्यांचं संरक्षण याबद्दलचा तो ठराव; त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून कचेरीत त्याला सगळे ‘पीआयडीपीआय’ म्हणतात. त्याने केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी घेण्याचा अधिकार दिला, आणि 2013 मध्ये मंत्रालयांच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्यांनाही, म्हणजे तिथल्या दक्षता विभागाच्या प्रमुखांनाही, तो मिळाला.

ठराव फक्त केंद्राच्या कारभाराला लागू आहे: रेल्वे, टपाल, राष्ट्रीयीकृत बँका, केंद्राच्या तेल कंपन्या, मुंबईचं बंदर वगैरे. जिल्हा परिषद, महापालिका किंवा राज्य सरकारचं महामंडळ त्यात येत नाही. त्यांच्यासाठी लोकायुक्त आहेत, लाचेसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा (एसीबी) 1064 क्रमांक आहे. पण या ठरावाचं कवच तिथे मिळत नाही. तलाठ्याविरुद्धची तक्रार दिल्लीला पाठवणारे दरवर्षी भेटतात.

आता लखोटा. तक्रार बंद लखोट्यात, आयोगाच्या सचिवांच्या नावे पाठवायची. लखोट्यावर ठळक अक्षरांत ‘पीआयडीपीआय’ किंवा ‘जनहितार्थ प्रकटनाखालील तक्रार’ असं इंग्रजीत वा हिंदीत लिहायचं. हे लिहिलं नसेल तर ती साधी तक्रार ठरते आणि साध्या टपालासारखी उघडली जाते. मग नाव जपण्याची हमी कोणीच देऊ शकत नाही. लखोट्याच्या बाहेर स्वतःचं नाव-पत्ता घालायचा नाही. तो आत, पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी. निनावी तक्रार या ठरावाखाली चालत नाही, ईमेलही नाही. अशी पाकिटं घेताना पाठवणाऱ्याच्या नावाचा आग्रह धरू नये, असं टपाल खात्याने आपल्या कार्यालयांना कळवलं आहे. पण खिडकीवरच्या माणसाला ते ठाऊक असेलच असं नाही.

लखोटा पोचला की आयोग तक्रारदाराला पत्र पाठवतो: तक्रार तुमचीच आहे का, आणि हेच आरोप तुम्ही दुसरीकडे कुठे केलेले नाहीत असं प्रमाणपत्र द्या. त्यासाठी 30 दिवस मिळतात, उत्तर न आल्यास स्मरणपत्र आणि आणखी दोन आठवडे. बरीच प्रकरणं याच टप्प्यावर अडतात. कारण तक्रारदाराने उत्साहाच्या भरात तोच मजकूर खासदाराला, सीबीआयला आणि एखाद्या वर्तमानपत्राला आधीच पाठवलेला असतो. चार ठिकाणी गेलेलं नाव आयोग कसं लपवणार? आणखी एक साधी गोष्ट: आतला पत्ता ऑफिसचा देऊ नका, आणि शेजारी साहेब राहत असतील तर वसाहतीतल्या क्वार्टरचाही नको. दिल्लीहून आलेलं सरकारी पाकीट शिपाई आधी चारचौघांत मिरवतो आणि मग तुम्हाला देतो.

आयोगात पुढे छाननी समिती बसते. चौकशी करण्याजोगं काही असेल तर नाव काढून तक्रार संबंधित खात्याच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्याकडे किंवा सीबीआयकडे जाते. इथून पुढे सगळं त्या खात्यातल्या माणसाच्या हातात असतं. नाव काढलं की काम झालं असं मानणारा दक्षता विभागाचा प्रमुख धोकादायक. ‘त्या बैठकीत कार्यकारी अभियंता, लेखापाल आणि मी असे तिघेच होतो’ हे वाक्य तसंच पुढे गेलं, तर वरचं नाव काळ्या शाईने खोडून काय उपयोग? म्हणून मूळ पत्र कुलपात ठेवायचं आणि आरोपांचा गोषवारा आपल्या भाषेत नव्याने टंकून घ्यायचा. हस्ताक्षर, लाडके शब्द, ‘सदरहू’ लिहिण्याची खोड, सगळं गेलं पाहिजे. साहेबांना आपल्या हाताखालच्या माणसाचा मसुदा दोन ओळींत ओळखता येतो.

जोडपत्रांत तर जास्तच जपावं लागतं. संगणकातून काढलेल्या बिलाच्या प्रतीवर तळाला बारीक अक्षरांत वापरकर्त्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ छापलेली असते. सायंकाळी सात वाजून काही मिनिटांनी कोणाच्या लॉगिनवरून ती प्रत निघाली हे आयटी विभाग पाच मिनिटांत सांगतो. नस्तीच्या (फाइलीच्या) झेरॉक्सवर पान क्रमांक आणि समासातले शेरे असतात. एखादा शेरा नंतर खोडला गेला असेल, तर खोडण्यापूर्वी नस्ती कोणाकडे होती ते आवक-जावक नोंदवही दाखवते. त्यामुळे तक्रारीसोबत आलेली प्रत पुढे पाठवायचीच नाही. तोच कागद मूळ नस्तीतून स्वतंत्रपणे मिळवायचा.

मिळवायचा कसा, यात खरं कसब आहे. एकच निविदा मागवली की त्या मजल्यावर सगळ्यांना कळतं. मग त्या रकमेच्या आसपासच्या, दोन वर्षांतल्या सगळ्या निविदा मागवायच्या आणि हवी ती त्या गठ्ठ्यात आपोआप येऊ द्यायची. झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या मोजमाप पुस्तिका बांधकाम शाखेऐवजी लेखा शाखेकडून मागवता येतात. नियमित तपासणीचा दौरा असेल तर त्यात हे काम घालायचं. वेळ जास्त लागतो, वरून ‘अहवाल कधी?’ अशी विचारणा होत राहते, आणि घाईत सगळ्यात वाईट गोष्ट घडते: ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच वरिष्ठाकडे ‘वस्तुस्थितिदर्शक अहवाल पाठवावा’ असा शेरा मारून कागद जातो. दुसऱ्या दिवशी खात्यात एकच चर्चा: लिहिलं कोणी? ही शोधाशोध सुरू झाली की प्रमुखाने गप्प बसता कामा नये. खातेप्रमुखाला लेखी कळवावं की तक्रारदार शोधण्याचा प्रयत्न हाच स्वतंत्र गैरवर्तनाचा विषय होईल. नाव फोडणाऱ्यावर कारवाई सुरू करण्याचा अधिकार ठरावाने आयोगाला दिलेला आहे. तो त्या पत्रात लिहिला की आवाज बराच खाली येतो. माहिती अधिकारात कोणी तक्रारीची प्रत मागितली, तर 2005 च्या कायद्याचं कलम 8(1)(छ) माहितीचा स्रोत उघड करण्यापासून सूट देतं.

संरक्षणाचा भाग याहून अवघड. सूड उघडपणे कोणी घेत नाही. बदली होते, कामगिरीच्या वार्षिक गोपनीय अहवालात एकदम दोन पायऱ्या खाली शेरा येतो, जुन्या प्रवासभत्त्याच्या बिलावर आरोपपत्र निघतं. तक्रारदार आयोगाकडे दाद मागू शकतो आणि आयोग खात्याला निर्देश देऊ शकतो. जिवाला धोका असेल तर विषय गृह मंत्रालयाकडे जातो. पण ‘अमुक माणसाची बदली थांबवा’ असं लिहिणं म्हणजे त्याचं नाव सांगणंच की! यावर पूर्ण उपाय नाही. त्या शाखेतल्या वर्षभराच्या सगळ्या बदल्या कारणांसह मागवता येतात, म्हणजे अपवाद दिसून येतो. तेही पुरलं नाही तर तक्रारदाराची लेखी संमती घेऊन नाव उघड करायचं आणि मग उघडपणेच त्याच्या पाठीशी उभं राहायचं. संमतीशिवाय, ‘त्याच्या भल्यासाठी’ म्हणून, कधीच नाही.

तक्रारदारांच्या संरक्षणासाठी केलेल्या 2014 च्या कायद्यात याची चांगली तरतूद होती: कारवाई सुडाची नाही हे खात्यानेच सिद्ध करायचं, आणि ओळख फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व 50,000 रुपयांपर्यंत दंड. त्याला 9 मे 2014 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण तो अजून लागू केलेला नाही. आजही कारभार 2004 च्या ठरावावरच चालतो, आणि ठरावात तुरुंग नाही.

लोकांना सगळ्यात जास्त खटकतं ते आयोगाचं मौन. पोच येत नाही, आणि तक्रारदाराने पुढे पत्रव्यवहार करू नये असाच आयोगाचा सल्ला असतो. हे त्याच्या हिताचं आहे, पण सहा महिने काहीच न कळल्यावर माणूस चिडून मंत्र्याला पत्र लिहितो आणि स्वतःच्याच हाताने ओळख उघड करतो. वाट पाहायची तयारी नसेल तर या वाटेने जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो. आणि लखोटा टपालात टाकण्याआधी गेल्या पाच वर्षांचे गोपनीय अहवाल, बदलीचे आदेश, मिळालेली प्रशस्तिपत्रं यांच्या प्रती काढून घरी ठेवाव्यात. पुढे त्रास सुरू झाला तर ‘आधी सगळं ठीक होतं’ हे दाखवायला त्याच लागतात, आणि तेव्हा त्या ऑफिसातून मागायला गेलं की नस्ती सापडत नाही.