हाताला आठवते ते
अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे शल्यचिकित्सक विल्यम स्कोव्हिल यांनी हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, बराचसा काढून टाकला, आणि त्यानंतर घडलेल्या गोष्टी मोलेसन यांच्या लक्षात राहीनाशा झाल्या. तरीही मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी आरशात पाहून चांदणी गिरवण्याचे काम त्यांना तीन दिवस दिले, तेव्हा हे आपण पूर्वी केले आहे याची जाणीव नसतानाही त्यांचा हात दररोज अधिक सफाईने चालू लागला. हा प्रयोग मला आजही विलक्षण वाटतो. अशा कौशल्यांचा भार मुख्यतः बेसल गँग्लिया (मेंदूच्या खोल भागातील चेतापेशींचे समूह) आणि लहान मेंदू यांच्यावर असतो, आणि मोलेसन यांच्या शस्त्रक्रियेत या भागांना हात लावलेला नव्हता.