आमची वाटचाल: काकांच्या बेसमेंटपासून

आमचा धंदा थोडक्यात सांगायचा तर, लोकांचं काहीतरी छापायचं, त्यावर बरोबर पत्ता लावायचा आणि न्यू जर्सीतून टपालात टाकायचं. मंदिरांची वार्तापत्रं, मंडळांच्या स्मरणिका, दातांच्या डॉक्टरांची पोस्टकार्डं, देणग्यांची आवाहनं. एडिसनमध्ये एक गाळा आहे, चार माणसं आहेत आणि लेबलं लावणारं एक कुरकुरं मशीन आहे. २००४ साली कंपनी माझ्या नावावर नोंदवली. पण हे काम मला ज्यांनी शिकवलं, त्यांनी स्वतः जन्मात धंदा केला नाही. केला असता तर वर्षभरात दिवाळं वाजलं असतं, असं काकू आजही म्हणतात.

त्यांना सगळेच काका म्हणायचे. मूळचे साताऱ्याचे, पेशाने इंजिनियर. १९६५ साली अमेरिकेने देशनिहाय कोट्याचा जुना कायदा बदलला आणि आपल्याकडच्या डॉक्टर-इंजिनियरांना इथली दारं उघडली. त्या पहिल्या लाटेत काका आले. त्या काळी निघताना परकीय चलन मिळायचं ते आठ डॉलर. त्या पिढीतला प्रत्येक जण ही आठ डॉलरची गोष्ट एकदा तरी ऐकवतोच. काका ऐकवत नसत. म्हणायचे, "सगळ्यांनीच आठ आणले. त्यात माझं काय कर्तृत्व?"

दिवसा नोकरी आणि रात्री बेसमेंटमध्ये मराठी त्रैमासिक. मी १९९६ मध्ये नवऱ्यामागून एच-फोर व्हिसावर आले. त्या व्हिसावर तेव्हा कुणालाच नोकरी करता येत नसे. एम.कॉम. होऊन घरात बसलेली बाई कुणाला तरी चावणार, हे काकूंनी गणपतीच्या जेवणाच्या रांगेत ओळखलं आणि मला अंकाच्या कामाला बोलावलं. बिनपगारी. चहा मात्र कितीही.

तोवर कॉम्प्युटरवर देवनागरी फॉन्ट आले होते. त्याआधीची बरीच वर्षं मुंबईहून आणलेल्या गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर मजकूर निघायचा आणि शीर्षकं काकू बोरूने लिहायच्या. पानं मात्र मी गेले तेव्हाही हातानेच लागत. जाड पांढऱ्या बोर्डावर फिकट निळ्या पेन्सिलीने चौकटी आखायच्या. हा निळा रंग छपाईच्या कॅमेऱ्याच्या फिल्मवर उमटत नाही, म्हणून खुणा खोडायची गरज नाही. मग मजकुराच्या पट्ट्या कापून रबर सिमेंटने चिकटवायच्या. एखादी वेलांटी राहिली असेल तर दुसऱ्या प्रिंटवरून ती एवढीशी कापून चिमट्याने जागेवर बसवायची. काका हे करताना श्वास रोखून धरत आणि वेलांटी बसली की, "घ्या, शुद्ध झालो," म्हणत. पानांची संख्या चारच्या पटीत, कारण मधोमध पिना मारायच्या. अठ्ठावीसचा मजकूर तीस पानांवर गेला की दोन पानं कापायची किंवा दोन भरायची. काका कापायचे. भरलेलं एकदाही पाहिलं नाही मी.

संपादक म्हणून ते कठोर होते, आणि ते योग्यच होतं असं माझं मत आहे. इथे आलेल्या प्रत्येकाला पहिला लेख सुचतो तो गावचा पाऊस, वाडा आणि आजीच्या हातची भाकरी. असे लेख ढिगाने यायचे. काका लेखकाला फोन करून विचारत, "छान आहे. आता मला सांगा, तुमच्या डाव्या हाताच्या घरात कोण राहतं?" बहुतेकांना माहीत नसे. "मग ते बघून या आणि लिहा." त्यातूनच बर्फ काढताना झालेली मैत्री, शाळेच्या पालकसभेत मुलाचं नाव कसं उच्चारलं गेलं, असे लेख आले. एका अंकात इथे माणूस गेला तर काय करायचं ते सगळं दिलं होतं. फ्युनरल होमला कोण फोन करतं, दहनाच्या परवानगीला कुठले कागद लागतात, मृत्युपत्र केलेलं नसेल तर काय होतं. वर्गणीदार रागावले. दिवाळीच्या तोंडावर हे काय अभद्र, म्हणाले. त्या अंकाच्या झेरॉक्स प्रती अजून लोक माझ्याकडे मागतात.

पण माझा धंदा उभा राहिला तो या पानांवर नाही. तो उभा राहिला बुटांच्या खोक्यांवर. बेसमेंटच्या फळीवर खोकी होती, त्यात वर्गणीदारांची कार्डं, झिपकोडच्या, म्हणजे इथल्या पिनकोडच्या, क्रमाने. पत्ते पेन्सिलीने लिहिलेले, कारण आपली माणसं सारखी घरं बदलतात. विद्यार्थ्याची खोली, मग अपार्टमेंट, मग दुसऱ्या राज्यात नोकरी, मग घर. घाऊक दराच्या स्वस्त टपालाचा नियम असा की माणूस हलला तर ते मागोमाग जात नाही. पत्तादुरुस्तीची विनंती छापली नसेल तर थेट कचऱ्यात. विनंती छापली तर प्रत्येक दुरुस्तीचे पैसे वेगळे. काका ते भरायचे आणि छपाईचा कागद हलका घ्यायचे. "जाड कागदाचा अंक कचऱ्यात गेला तर काय शोभा?" मग गठ्ठे बांधायचे. घाऊक दरासाठी किमान २०० नग किंवा पन्नास पौंड वजन लागतं. पूर्ण पाच आकडी झिपच्या गठ्ठ्याला लाल स्टिकर, पहिले तीन आकडे जुळणाऱ्या गठ्ठ्याला हिरवा. एडिसनचा ०८८२०, जर्सी सिटीचे ०७३ पासून. मी ही कार्डं एक्सेलमध्ये चढवली तेव्हा पहिला झटका तिथेच बसला, कारण एक्सेल आकड्याआधीचा शून्य गिळून टाकतं आणि ०८८२० चा ८८२० होतो. न्यू जर्सीच काय, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, सगळेच शून्यवाले. आजही नवीन गिऱ्हाइकाची यादी आली की आमच्याकडे आधी तो रकाना बघतात.

या यादीवर पुष्कळांचा डोळा होता. नव्वदीत भारतात फोन करायच्या स्वस्त योजना विकणारे, विमावाले, तिकीटवाले. एकाने तर दोन अंकांचा छपाईखर्च निघेल एवढी रक्कम देऊ केली. काकांची ओढाताण मला दिसत होती. त्यांनी त्याला कॉफी पाजली, अर्ध्या पानाची जाहिरात विकली आणि यादी दिली नाही. काकू चिडल्या. काका म्हणाले, "लोकांनी पत्ता अंकासाठी दिलाय. मी कोण तो वाटणारा?" आमच्या करारात आज एक कलम आहे, गिऱ्हाइकाची यादी काम झाल्यावर पुसली जाईल आणि कुणालाही दिली जाणार नाही. वकिलाने त्याची भाषा फुगवली आहे, अर्थ काकांचा आहे. या कलमापायी काही मोठी कामं गेली. काही याच कलमापायी आलीही.

२००१ चा दिवाळी अंक विसरता येत नाही. अकरा सप्टेंबरनंतर सगळेच हादरलेले. त्यातच अँथ्रॅक्सच्या जीवघेण्या जंतूंची पूड भरलेली पाकिटं आमच्याच न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या शिक्क्यानिशी गेल्याचं कळलं आणि १८ ऑक्टोबरला हॅमिल्टनचं मोठं टपालकेंद्र बंद झालं. ते उघडायला २००५ उजाडलं. दिवाळी १४ नोव्हेंबरला. आमचा अंक नेहमी खाकी पाकिटातून जायचा. पाकीट, आत काय ते माहीत नाही, वर न्यू जर्सीचा शिक्का आणि तपकिरी माणसाचं नाव! कोण उघडणार? शिवाय एका उत्साही कार्यकर्तीने सप्टेंबरच्या सुरुवातीला अंकासोबत उटण्याची पुडी घालायचं सुचवलं होतं. ती कल्पना मंजूर झाली असती तर आज मी हे कुठून लिहिलं असतं कोण जाणे. काकांनी पाकिटंच रद्द केली. पत्त्याचं लेबल मागच्या मुखपृष्ठावर, अंक उघडा, समोर पणतीचं चित्र. टपालवाल्यालाही दिसू दे काय आहे ते. अंक पोचायला डिसेंबर लागला, पण पोचला. पाकिटाचा खर्च वाचला तो कायमचाच.

पुढे ग्रीन कार्ड आलं, मी गाळा घेतला, पहिलं काम अर्थातच काकांचं. बिल लावलं, त्यांनी घासाघीस केली, मी कमी केलं नाही. ते खूश झाले. मधली वर्षं कुठल्याही छोट्या धंद्यासारखी गेली. मशीनचे हप्ते, २००८ ची मंदी, कागदाचे भाव आणि 'आता सगळं ईमेलवरच पाठवतो' म्हणणारी गिऱ्हाइकं. त्यातली काही परत आली, कारण मंदिराला देणगीचा चेक अजून पाठवला जातो तो छापील पत्राला.

काका २०१९ मध्ये गेले. शेवटचा अंक त्यांनीच तपासला होता, दोन पानं कापून. त्यांच्या टेबलावर माझ्या नावाने कागद होता: त्रैमासिक बंद करावं, कुणी भावनेपोटी चालवू नये, आणि ज्यांनी पुढची वर्गणी भरली आहे त्यांची उरलेली रक्कम परत जावी. कुणाचे सोळा डॉलर, कुणाचे आठ. आम्ही हिशोब करून चेक काढले आणि फर्स्ट क्लासने पाठवले, म्हणजे घर बदललं असेल तरी मागोमाग जातील. निम्म्याहून जास्त लोकांनी ते वटवलेच नाहीत. आमचा अकाउंटंट वैतागला आहे. न वटलेले पैसे काही वर्षांनी राज्याच्या तिजोरीत भरावे लागतात, म्हणून दर खेपेला तो मला सांगतो की या लोकांना फोन करा. मी करते. ते काकांबद्दल बोलत बसतात, चेकचं नाव काढत नाहीत.