पहिली इम्पॅक्ट गन आणि हवेचा हिशोब

मे

घरी उघडलेल्या माझ्या जिप्सी किंगचं (मारुतीच्या जीपचं) काम आता खालच्या अंगाला आलं आहे. बॉडीवरचं सुटं सामान निघालं, इंजिन स्टँडवर चढलं. राहिले ते पाटे (गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या), त्यांना अ‍ॅक्सलशी बांधणारे यू-बोल्ट आणि चॅसिसला जोडणारे शॅकल. या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे पाटेच असल्यामुळे गंजलेल्या नटांना तोटा नाही. पेंच-ताडोब्याच्या सफारीत जिप्सी वर्षानुवर्षं फिरत आली, म्हणून ती आतून-बाहेरून ओळखणारे मिस्त्री नागपुरात आहेत. त्या सगळ्यांनी एकच सांगितलं: खालचं काम हातपान्याने करू नका.

टॉमीला (पान्याच्या दांड्याला) पाइप चढवून नट सुटतात, नाही असं नाही. पण नवतपाच्या उन्हात टिनाच्या शेडमध्ये गाडीखाली आडवं पडून छातीवर जोर घ्यायचा आणि पाना निसटला की बोटं फोडून घ्यायची, असं ते काम आहे. शिवाय सलग पिळामुळे जुना बोल्ट मानेतून तुटतो. इम्पॅक्ट गनचं, म्हणजे टोले देत नट फिरवणाऱ्या अवजाराचं, काम निराळं. आतली मोटर हातोडीला फिरवते, हातोडी गोल येऊन चौकोनी दांड्याच्या मागच्या बाजूवर आदळते, सुटते, परत फिरून आदळते. मिनिटाला हजाराच्या आसपास असे टोले बसतात. गंजाचा थर त्या टोल्यांनी भुगा होतो. टोल्याचा जोर हातोडीच्या फिरत्या वजनातून येतो, त्यामुळे आपल्या मनगटाला त्या मानाने फारच कमी पीळ जाणवतो.

बॅटरीची गन का नाही, असं काही मित्रांनी विचारलं. बॅटरीच्या गन आता खरंच चांगल्या आहेत, रस्त्यावर काम करणाऱ्याने तीच घ्यावी. माझ्याकडे मात्र चाकात हवा भरायला, ब्रेकची धूळ उडवायला आणि पुढे चॅसिस रंगवायला कॉम्प्रेसर लागणारच होता. हवेची गन अडकून उभी राहिली तरी जळत नाही, आणि 45 अंशांच्या शेडमध्ये तिला बॅटरीसारखं जपावं लागत नाही.

जून: हवा आधी, गन नंतर

कामठी रोडवर एक जुने मिस्त्री आहेत, आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. गनचा विषय काढल्यावर त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि म्हणाले, "गन कोणती घेता ते मागून पाहू भाऊ. आधी हवा किती आहे ते सांगा. हवा कमी पडून राहिली तर भारीतली गन बी नुसती फडफडते."

या नोंदीत सांगण्यासारखं मुख्य आहे ते हेच, म्हणून इथे जरा थांबतो.

अर्ध्या इंची (हे चौकोनी दांड्याचं माप) गनच्या खोक्यावर हवेचा वापर साधारण 4 ते 5 सीएफएम (मिनिटाला घनफूट) असा लिहिलेला असतो. तो सरासरीचा आकडा आहे. थोडा वेळ ट्रिगर, मग बराच वेळ मोकळी, असं धरून काढलेला. ट्रिगर प्रत्यक्ष दाबलेला असतो तेव्हा हीच गन 20 सीएफएमच्या पुढे हवा खाते. 20 सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे 566 लिटर, सेकंदाला साडेनऊच्या आत-बाहेर. आता टाकीकडे बघू. टाकी 8 बारला (बार हे दाबाचं माप) भरलेली आहे आणि गनला किमान 6 बार लागतात, म्हणजे आपल्या कामाचे फक्त मधले 2 बार. 25 लिटरच्या छोट्या टाकीतून या दोन बारमध्ये 50 लिटर मोकळी हवा मिळते, म्हणजे जेमतेम पाच सेकंदांचा ट्रिगर. 160 लिटरच्या टाकीतून 320 लिटर मिळते, म्हणजे 34 सेकंद. चाकाचा धड नट दोन-तीन सेकंदांत सुटतो. पाट्याचा गंजलेला नट मात्र दहा-पंधरा सेकंद टोले खातो, कधी जास्तही. छोट्या टाकीवर नेमकं त्याच वेळी दाब बसतो.

मी हिंगण्याच्या एका बंद होत असलेल्या वर्कशॉपमधून 2 एचपीचा, सिंगल फेजचा, बेल्टवाला, 160 लिटर टाकीचा कॉम्प्रेसर घेतला. अशा पंपातून प्रत्यक्षात 5 ते 6 सीएफएम हवा मिळते. माहितीपत्रकात पिस्टनने सरकवलेल्या हवेचा आकडा मोठा करून छापलेला असतो, तो धरू नका, प्रत्यक्ष मिळणारी हवा किती ते विचारा. मिनिटाला दीडशे लिटर धरले तर ते 320 लिटर भरून यायला दोन मिनिटांच्या थोडं वर लागतात. एक हट्टी नट सोडवायचा, पुढच्यावर तेल मारायचं, तारेचा ब्रश फिरवायचा, तोवर टाकी तयार. घरच्या कामाला हा मेळ उत्तम बसतो. गॅरेजमध्ये दिवसभर चालवायचं असेल तर तीन फेज आणि मोठा पंप लागतो, तो वेगळा विषय.

जुनी टाकी घेणाऱ्यांनी एक गोष्ट सोडू नये: ती पाण्याने पूर्ण भरून, चालवायच्या दाबापेक्षा वर नेऊन तपासून घ्या, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवा बसवा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कमजोर टाकी त्या चाचणीत नुसती गळते. हवेने भरलेली कमजोर टाकी फुटते. तळाशी आतून गंज किती आहे ते बाहेरून रंग बघून कळत नाही.

नळी

टाकीवरच्या दाबाच्या घड्याळात 8 बार दिसले म्हणून गनपाशी तेवढे पोचतात असं नाही. काकाजींनी त्यांच्याकडच्या दोन गन वापरून बघायला दिल्या, त्या मी गनच्या तोंडाशी टी लावून, त्यावर दाबाचं घड्याळ बसवून चालवल्या. सगळीकडे मिळते ती निळी पीयू (प्लॅस्टिकची) नळी बाहेरून 8 मिलिमीटर असते, आतून मात्र साडेपाचच्या आसपास. तशा दहा मीटर नळीवर ट्रिगर दाबला की घड्याळ 8 वरून 4 च्या जवळ येत होतं. तीच गन, तोच कॉम्प्रेसर, फक्त आतून 10 मिलिमीटरची रबरी नळी आणि मोठ्या भोकाचे कपलर (नळीच्या झटपट जोडण्या) लावले, आणि ट्रिगर दाबलेला असताना काटा 6 च्या आसपास टिकला. गनचा आवाजच बदलला. आधी यू-बोल्टच्या नटावर नुसती थरथरत होती, तीच आता तो नट फिरवत होती.

म्हणून दाब वाचायचा तो ट्रिगर दाबलेला असताना. बहुतेक गन 90 पीएसआयला, म्हणजे 6.2 बारला मोजलेल्या असतात, आणि तो दाब गनच्या तोंडाशी, हवा वाहत असताना अपेक्षित असतो. वर्षानुवर्षं बारीक नळीवर गन वापरून "हवेच्या गनमध्ये दम नसतो" म्हणणारे लोक मी बघितले आहेत. त्यांची गन बहुतेक वेळा ठीक असते.

गन आणि नळीच्या मध्ये हातभर मऊ नळीचा तुकडा ठेवतो. कपलर थेट गनला लावला तर टोल्यांच्या हादऱ्यांनी तो लवकर झिजतो, आणि गन जडही लागते.

दुकानं

सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू, लोहा ओळी आणि घाट रोड, तिन्हीकडे फिरलो. "चार सूत की सहा सूत?" हा पहिला प्रश्न. उत्तर सोपं आहे: जीप-कारच्या कामाला चार सूत, म्हणजे अर्धा इंच. तीन सूत इंजिनच्या आजूबाजूच्या अडचणीच्या जागी छान, पण पाट्यांना पुरी पडत नाही. सहा सूत ट्रकची, तिचं वजन आणि हवेची भूक दोन्ही घरच्या कामाला नकोत.

मग येतो टॉर्कचा (पिळाच्या जोराचा) आकडा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापतात तो उलट, म्हणजे नट सोडवण्याच्या दिशेचा, कमाल आकडा. कुठे न्यूटन-मीटर, कुठे फूट-पाउंड, कुठे किलोग्रॅम-मीटर. 1 फूट-पाउंड म्हणजे 1.356 न्यूटन-मीटर, आणि 1 किलोग्रॅम-मीटर म्हणजे 9.81. सगळं एकाच मापात आणल्याशिवाय दोन खोकी शेजारी ठेवू नका. उदाहरणाला इंगरसोल-रँडची 231सी घ्या. तिचा उलटा कमाल आकडा 600 फूट-पाउंड, पण आवळण्यासाठी सुचवलेली मर्यादा 25 ते 350. जो उत्पादक असे दोन्ही आकडे उघड देतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो. अनोळखी खोक्यावरच्या 1200 न्यूटन-मीटरपुढे कामाचा आकडाच नसेल, तर मी ती गन परत ठेवतो.

शेवटी मी 231सीच घेतली. धातूची बॉडी, अडीच किलोच्या थोडी वर, म्हणजे आजच्या कंपोझिट (प्लॅस्टिक-मिश्र बॉडीच्या) गनपेक्षा जड. हलकी हवी असणाऱ्यांनी कंपोझिट घ्यावी, गाडीखाली डोक्याच्या वर धरून काम करताना वजन जाणवतं. मला हिच्यात आवडली ती आतली ट्विन हॅमर रचना. दोन हातोड्या समोरासमोरून एकाच वेळी टोला देतात, त्यामुळे गन हातात एका बाजूला ओढत नाही. दुसरं म्हणजे ही जुनी आणि पुष्कळ खपलेली गन. मोटरची पाती, बेअरिंग, गॅस्केट यांचे संच मिळतात आणि ती उघडता येते. पहिली गन उघडून बघता येण्यासारखी असावी असं मला मनापासून वाटतं.

जोडणीत एका ठिकाणी जपावं लागतं. गनचं तोंड पाव इंची एनपीटी (अमेरिकी मापाच्या) आट्यांचं, आणि आपल्याकडे दुकानात निपल (जोडणीचे तुकडे) मिळतात ते बहुधा बीएसपीचे, म्हणजे ब्रिटिश मापाचे. एकात इंचाला 18 आटे, दुसऱ्यात 19, कोनही वेगळा. दोन-तीन आटे हाताने छान बसतात आणि मग अडतं. तिथे टेफलॉन टेप गुंडाळून जोर लावला की गनच्या तोंडाचे आटे गेलेच. एनपीटीचा निपल मागून घ्या, लोहा ओळीत शोधला की मिळतो.

गोट्या (नटावर बसणारे सॉकेट) काळ्याच, इम्पॅक्टच्या, क्रोम-मॉलिब्डेनमच्या. चकचकीत क्रोमच्या हातगोट्या टोल्यांखाली तडकतात आणि तुकडे उडतात, डोळ्याशी खेळ आहे. एक्स्टेन्शन लागेल तेवढंच लावा. प्रत्येक सांध्यात आणि लांब दांड्यात टोल्याचा जोर मुरतो. चष्मा आणि कानात बोळे लागतातच, टिनाच्या शेडमध्ये आवाज दुप्पट वाटतो.

जुलै-ऑगस्ट: टाकीतलं पाणी

नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा हवेच्या कामाला दोन वेगळी गावं आहेत. मे महिन्यात 45 अंशांना, 15 टक्के आर्द्रतेला एका घनमीटर हवेत दहा ग्रॅमच्या आत पाणी असतं. 8 बारला दाबल्यावर त्यातलं दोन-तीन ग्रॅमच टाकीत सुटतं. जुलैत 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता धरली तर घनमीटरला 24 ग्रॅम पाणी, आणि दाबून थंड झाल्यावर त्यातलं 20 ग्रॅमच्या आसपास टाकीच्या तळाशी. उन्हाळ्यात निचऱ्याचा कॉक उघडला तर नुसती फुस्स. आता रोज काम संपल्यावर उघडतो तर तांबूस पाणी धारेने येतं. हे पाणी गनमध्ये गेलं की मोटरची पाती फुगतात, खाचांत अडकतात, आणि आतलं पोलाद गंजतं. नळीच्या आधी फिल्टर-रेग्युलेटर बसवला आहे, आणि तोही टाकीपासून थोडा लांब, म्हणजे हवा वाटेत गार होऊन पाणी फिल्टरमध्ये पडेल.

उन्हाळ्याची अडचण दुसरी आहे. 20 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांची हवा आठेक टक्क्यांनी विरळ, म्हणजे पंप तेवढाच फिरून टाकीत हवा कमी भरतो आणि स्वतः जास्त तापतो. पुढच्या मेपर्यंत पंपाचा हवा ओढायचा पाइप शेडच्या बाहेर, उत्तरेच्या सावलीत काढणार आहे.

काम सुरू करण्यापूर्वी गनच्या तोंडात एअर टूल ऑइलचे चार थेंब, संपल्यावर परत चार, आणि दोन-तीन सेकंद मोकळी चालवणं. लुब्रिकेटर (वाहत्या हवेत आपोआप तेल सोडणारा) मुद्दाम लावला नाही, कारण याच नळीवर पुढे रंगाची गन येणार आहे आणि तेलाचा कण रंगात गेला की डाग पडतो.

आता

पुढचे दोन्ही पाटे उतरले. यू-बोल्ट सगळे सुटले, शॅकलचे नटही. आदल्या संध्याकाळी गंज सोडवायचं तेल मारून ठेवायचं, सकाळी आधी सुलट दिशेला एक छोटा टोला द्यायचा, मग उलट, ही काकाजींची पद्धत फार उपयोगी पडली. चाकं परत बसवताना नट हाताने पूर्ण फिरवतो, गन सर्वात खालच्या आकड्यावर ठेवून फक्त टेकवतो, आणि शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाला. गनने आवळलेला नट किती आवळला हे कोणालाच सांगता येत नाही.

मागच्या डाव्या शॅकलची पिन बुशसकट, म्हणजे तिच्याभोवतीच्या नळकांडीसकट, धरून बसली आहे. तिथे गनचा उपयोग नाही, पुलर (पिन काढायचं अवजार) किंवा उष्णता लागणार. बुश रबरी असल्यामुळे आधी पुलर करून बघतो. कोणी जिप्सीची ही पिन गाडीवरच असताना काढली असेल तर कोणत्या बाजूने दाबली तेवढं कळवा. दिवाळीआधी मागचे पाटे खाली आणून पट्ट्या वेगळ्या करायच्या आहेत.