चार टक्क्यांची बिअर आणि झिझकोव्हचा पब

झेक देशातल्या प्रागला गेल्यावर सगळे जे बघतात ते आम्हीही बघितलं. चार्ल्स ब्रिज, किल्ला, चौकातलं ते जुनं घड्याळ. घड्याळासमोर एवढी गर्दी की मोबाईल धरलेले हातच जास्त दिसले. त्याबद्दल भरपूर लोकांनी लिहून ठेवलंय, त्यामुळे मी नाही लिहीत. मला लिहायचंय बिअरबद्दल, आणि त्यातही बिअर किती कडक असावी याबद्दल, कारण या एका गोष्टीवर माझं मत त्या प्रवासात पक्कं झालं आणि अजून त्यावर घरात वाद चालू आहे.

सोबत बायको आणि तिचा धाकटा भाऊ होता. मेव्हणा सांगलीचा, त्याच्या लेखी बिअर म्हणजे स्ट्राँग, बाकी सगळं सरबत. विमानतळावर उतरल्यापासून त्याचं एकच, "दाजी, इथली सगळ्यात कडक कुठली ते विचारा की."

सेंटरमधल्या एका मोठ्या टुरिस्टी हॉटेलात पहिल्याच संध्याकाळी आमचं डोकं फिरलं. न विचारता टेबलावर छोट्या ग्लासात कसलीशी कडक दारू आणून ठेवली, नको म्हटलं तरी वेटर हसून "ट्राय, ट्राय", आणि बिलात तिचे पैसे लावलेले. वाद घालून ते कमी करून घेतले पण तोंडाची चव गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, जिथे इंग्रजी मेन्यू दारात लावलाय तिथे जायचंच नाही. ट्राम पकडली आणि झिझकोव्हला गेलो. हा जुना कामगारांचा भाग, मधोमध तो उंच टीव्ही टॉवर, त्याच्यावर रांगणाऱ्या बाळांचे पुतळे चिकटवलेत, आणि गल्लोगल्ली पब.

आम्ही शिरलो तो पब म्हणजे लाकडी बाकं, पिवळट भिंती आणि कोपऱ्यात टीव्हीवर आवाज बंद करून चालू असलेली फुटबॉलची मॅच. फळ्यावर खडूने लिहिलेलं १०, ११, १२ आणि पुढे किमती. मेव्हण्याचे डोळे चमकले. "दाजी, बारा टक्के! आपल्याकडं आठच्या वर जात न्हाई!"

शेजारच्या टेबलावर सत्तरीचे एक काका होते, थोडंफार इंग्रजी येणारे. त्यांना आमचं काय चाललंय ते कळलं असावं. त्यांनी ग्लासखालचा पुठ्ठा उचलला, खिशातलं पेन काढलं आणि लिहिलं, १० पुढे ४, १२ पुढे ५. झालं, मेव्हण्याचा चेहरा पडला.

तर भानगड अशी आहे की झेक लोकांचा हा आकडा अल्कोहोलचा नाहीच. बिअर आंबायला ठेवायच्या आधी मॉल्टचा (मोड आणून वाळवलेल्या सातूचा) जो गोड काढा असतो त्यात वजनाने किती टक्के साखर वगैरे विरघळलीय तो हा आकडा. कार्ल बालिंग नावाच्या प्रागच्याच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ही मोजणी बसवली, तीच इथे अजून चालते. दहाच्या बिअरमध्ये अल्कोहोल साधारण चार टक्के निघतं, बाराच्या बिअरमध्ये पाचच्या आसपास. म्हणजे इथला माणूस बिअर निवडताना अंगाने किती भरलेली, म्हणजे तोंडात किती दाट लागणारी हवी ते ठरवतो, किती चढणार हा हिशोब नंतर. मला हे फार आवडलं. आपल्याकडे दुकानात गेलं की पहिला प्रश्नच "माइल्ड का स्ट्राँग", आणि माइल्ड म्हटलं की दुकानदार वर बघतो.

मी दहाची घेतली. वेटरने ग्लास गार पाण्याने विसळला, नळ उघडून आधी खाली फेस घेतला आणि मग त्या फेसाखाली बिअर भरत नेली. ग्लास समोर आला तेव्हा वर तीन बोटं घट्ट ओला फेस होता, दुधावरच्या सायीसारखा. आपल्याकडे एवढा फेस बघून लोक भांडतील की बिअर कमी दिली, इथे फेस नसेल तर ते भांडतात. पहिला घोट थोडा कडसर, मग ब्रेडच्या कडेसारखी चव, आणि गिळल्यावर तोंड स्वच्छ. हॉप्स, म्हणजे बिअरला कडसरपणा आणि वास देणारी वेलीची फुलं, जवळच्या झातेत्स भागातले, ज्या भागाला २०२३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. चार टक्क्यांच्या बिअरला एवढी चव असू शकते हे माझ्या जिभेला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि मग ती संध्याकाळ लांबतच गेली. टेबलावर एक कागदाची चिठ्ठी असते, प्रत्येक ग्लासला वेटर त्यावर एक रेघ मारतो, ग्लास संपत आला की न विचारता दुसरा येतो, पुरे असेल तर सांगायचं. बायकोने लोणच्यात मुरवलेलं चीज ब्रेडबरोबर खाल्लं (शाकाहारी माणसाला प्रागमध्ये चीजचाच आधार आहे, एवढं लक्षात ठेवा). काका त्यांच्या मित्रांशी तासन्तास बोलत होते. कुणाचा आवाज चढला नाही, कुणी टेबलावर डोकं टेकलं नाही, कुणी बाहेर जाऊन ओकलं नाही. माणशी बिअर पिण्यात हा देश जगात पहिला आहे आणि ती पिणारी माणसं माझ्यासमोर नातवाच्या शाळेबद्दल बोलत बसली होती. मला खरंच भरून आलं, कारण माझ्या ओळखीच्या परमिट रूममध्ये रात्री नऊनंतर असं कुणी कुणाचं ऐकत बसलेलं मी फार कमी बघितलंय.

हिशोब करून बघा. आपली ६५० मिलीची स्ट्राँग बाटली आठ टक्क्यांची धरली तर त्यात ५२ मिली निव्वळ अल्कोहोल. आपल्या व्हिस्कीचा तीस मिलीचा पेग ४२.८ टक्क्यांनी जेमतेम १३ मिली. म्हणजे एक बाटली म्हणजे चार स्मॉल पेग, आणि ते आपण उन्हाळ्यात तहान लागली म्हणून पाणी प्यायल्यासारखे गटागट पितो. झेक दहाच्या अर्ध्या लिटरमध्ये फक्त वीस मिली. दोन तासांत दोन ग्लास घेऊनही आपल्या एका स्ट्राँग बाटलीएवढं होत नाही. माझ्यासाठी विषय इथेच संपतो. मला बसायचं असतं, बोलायचं असतं, मला झोपवणारी बिअर नको.

मेव्हण्याचं म्हणणं वेगळं आणि तेही मी इमानदारीत लिहितो. तो म्हणतो, बिअर आपल्याकडे महाग, पगारातून पैसे काढून माणूस प्यायला बसतो, तेवढ्याच पैशात जास्त चढत असेल तर तो माइल्ड का घेईल? खोटं नाही. म्हणून तर आपल्याकडे खपणाऱ्या बिअरमध्ये सिंहाचा वाटा स्ट्राँगचा आहे. पण मग चवीचं काय? बऱ्याच स्ट्राँग बाटल्यांच्या लेबलवर मॉल्टबरोबर तांदूळ किंवा मका आणि साखर असते, साखरेने अल्कोहोल वाढतं पण बिअरच्या अंगात भर पडत नाही, म्हणून ती बर्फासारखी गार असेल तरच घशाखाली उतरते.

मध्ये एक दिवस ट्रेनने पिल्झेनला गेलो, दीड तासाचा रस्ता. तिथल्या तळघरात ओकच्या मोठ्या पिंपातून न गाळलेली बिअर ग्लासात काढून देतात, त्या गारठ्यात उभं राहून ती प्यायची. या गावाची गोष्ट मला फार पटली. १८३८ मध्ये गावाने नगरपालिकेसमोर ३६ पिंपं बिअर ओतून दिली, कारण ती खराब होती. मग स्वतःची ब्रुअरी काढली, बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाचा माणूस आणला आणि १८४२ मध्ये त्याने ती सोनेरी बिअर केली जिची नक्कल आज सगळं जग करतंय. चवीसाठी लोक रस्त्यावर आले. आणि जगभर गाजलेली ती बिअर आजही ४.४ टक्के आहे.

बाकी दिवस चालण्यात आणि पावसात गेले.

शेवटी मेव्हण्यासाठी प्रागमधल्या 'उ मेद्वीदकू' या जुन्या पबमध्ये गेलो. ही जागा १४६६ पासूनची सांगतात आणि इथे ३३ डिग्रीची (फळ्यावरच्या १०, १२ सारखाच आकडा) बिअर मिळते, अल्कोहोल बाराच्या घरात. छोट्या ग्लासात, गडद तांबूस, फेस जवळजवळ नाही. चांगली आहे, मी नाही म्हणत नाही, काकवीची आणि मनुकांची आठवण देणारी, सावकाश चाटत प्यायची गोष्ट. मेव्हणा मान्य करेना, पण अर्ध्या ग्लासानंतर त्याने स्वतःहून पाणी मागितलं आणि नंतर बाराची लेझाक, म्हणजे त्यांची नेहमीची लागर बिअर, मागवली. तो आता बाराचा माणूस आहे, मी दहाचा, आमचं एवढ्यावर जमलंय.

परत आल्यावर त्रास सुरू झाला. पुण्यात मायक्रोब्रुअरीत ठीक आहे, तिथे बोर्डवर टक्के लिहिलेले असतात, पाचच्या आतलं काहीतरी मिळतं. पण आमच्या भागातल्या बारमध्ये माइल्ड मागितली की "साहेब, माइल्ड कुणी घेत नाही, ठेवत नाही." दुकानात असली तर फ्रीजबाहेर, खोक्यात, कोमट. मी आता प्रत्येक वेळी मागतोच, नसली तर लिंबू सोडा घेऊन बसतो, आणि मालकाला सांगून येतो की दोन बाटल्या फ्रीजमध्ये ठेवत जा, मी शनिवारी येतो. तुम्हीही मागत जा. गिऱ्हाईकच नाही असं त्यांना वाटतंय तोवर ते ठेवणार नाहीत.